नव्या चेंडूला भोकं कुठे पाडायची?

मालेगाव–मेहकर रस्त्यावरच्या केनवडात, म्हणजे वाशिम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यात, भोवरा खेळलेल्या कुठल्याही माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. लाकूड कितीही चांगलं असो, आर जरा बाजूला ठोकली गेली की भोवरा वाया. मग तो अंगात आल्यासारखा थरथरतो, डोलतो आणि शेवटी कलंडतो. चांगला सुतार आर ठोकायच्या आधी भोवरा बोटांत फिरवून बघतो आणि वजनाचा मधला आस कुठून जातो ते हेरतो. केनवडात बोलिंगची लेन नाही. पण नव्या बोलिंग बॉलसमोर हातात ड्रिल घेऊन बसलेला कारागीर नेमका याच सुताराच्या प्रश्नाशी झगडत असतो. फरक इतकाच, की सुताराला डोल नको असतो, आणि या कारागिराला तो हवा असतो, मोजून मापून, गिऱ्हाईक सांगेल तितकाच.

इथलं बोलिंग म्हणजे क्रिकेटची गोलंदाजी नव्हे. तेलकट लाकडी किंवा कृत्रिम पट्टीवरून जड गोळा सोडून टोकाला त्रिकोणात उभ्या केलेल्या दहा पिना पाडायच्या, तो खेळ. आपल्याकडे तो बहुतेकांना मॉलमध्ये भेटतो. १९९८च्या सुमारास मुंबईत लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात ‘द बोलिंग कंपनी’ उभी राहिली. १९८२च्या गिरणी संपानंतर ओसरत गेलेल्या गिरणगावात चाळकऱ्यांच्या डोळ्यांदेखत श्रीमंतांचा हा खेळ आला, आणि त्यावर तेव्हा बरीच टीकाही झाली. ती टीका अनाठायी नव्हती. पण खेळाचा त्यात काय दोष? पुढे पुण्या-नागपूरच्या मॉलमध्येही लेन आल्या. आज हिंजवडीत नोकरी करणारा विदर्भातला मुलगा टीमच्या पार्टीला जातो, भाड्याचे बूट घालतो आणि रॅकवरचा रंगीत गोळा उचलतो.

रॅकवरच्या त्या गोळ्याला तीन भोकं आधीच पाडलेली असतात, कुणाच्याही हातात जेमतेम बसतील अशी. याचा अर्थ ती कुणाच्याच हातात नीट बसत नाहीत. बोटं पार दुसऱ्या पेरापर्यंत आत जातात, अंगठा सैल राहतो आणि चेंडू सरळ जातो. खेळाची गोडी लागलेला माणूस मग कधीतरी स्वतःचा चेंडू मागवतो. तो खोक्यातून बाहेर येतो गुळगुळीत, एकही भोक नसलेला. भोकं कुठे आणि कोणत्या कोनात पाडायची या आराखड्याला या धंद्यात ‘लेआउट’ म्हणतात.

आराखड्याकडे वळण्याआधी चेंडूकडून आपल्याला हवंय काय, ते बघू. फाउल रेषेपासून पहिल्या पिनेपर्यंतचं अंतर ६० फूट. लेनवर शेजारी शेजारी ३९ फळ्या, मिळून रुंदी साडेतीन फुटांच्या आत-बाहेर. पहिल्या साधारण ४० फुटांवर तेलाचा थर दिलेला असतो, शेवटचा भाग कोरडा. पिनेचं वजन दीड किलोच्या आसपास आणि चेंडूचं जास्तीत जास्त १६ पाउंड, म्हणजे सव्वासात किलो. उजव्या हाताच्या खेळाडूच्या आदर्श स्ट्राइकमध्ये, म्हणजे पहिल्याच फेकीत दहाही पिना पाडताना, चेंडू स्वतः फक्त चार पिनांना शिवतो: पहिली, तिसरी, पाचवी आणि नववी. बाकीच्या सहा पिना पिनांनीच पाडायच्या असतात. पहिली दुसरीवर, दुसरी चौथीवर, चौथी सातवीवर, तिसरी सहावीवर, सहावी दहावीवर, पाचवी आठवीवर. ही साखळी जुळायची तर चेंडू पहिल्या आणि तिसऱ्या पिनेच्या फटीत तिरका घुसला पाहिजे, सुमारे सहा अंशांनी. आणि गोम इथेच आहे. लेनच्या अगदी कडेवरून सरळ रेषेत सोडलेला चेंडू त्या फटीत जेमतेम दीड अंशाने पोचतो. सहा अंश हवे असतील तर चेंडू शेवटच्या टप्प्यात वळलाच पाहिजे.

वळण येतं घर्षणातून. तेलावर घर्षणांक ०.०४च्या आसपास, कोरड्या भागात तो ०.२पर्यंत जातो, म्हणजे जवळजवळ पाचपट. त्यामुळे तेलावर चेंडू नुसता घसरतो. बोटांनी दिलेली बाजूची फिरकी तो साठवून ठेवतो, आणि कोरडं लागलं की ती फिरकी जमिनीला धरते. घसरण, वळण आणि शेवटी साधं लोळणं या तिन्ही अवस्था दोन-अडीच सेकंदांत उरकतात.

आता चेंडूच्या पोटात डोकवू. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हे चेंडू लिग्नम व्हायटी नावाच्या दणकट लाकडाचे असत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रबर आलं, मग साठीच्या सुमारास पॉलिएस्टर, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला युरेथेन. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या ‘रिॲक्टिव्ह’ रेझिनने सगळा खेळच बदलला, कारण हे रेझिन तेल पिऊन घेतं आणि कोरड्या फळ्यांना घट्ट धरतं. कवचासोबत आतला गाभाही बदलला. जुन्या चेंडूत वरच्या बाजूला एक चपटी जड चकती असे, आणि तीही फक्त भोकांतून निघून गेलेलं वजन भरून काढायला. आजच्या गाभ्याचे आकार विचित्र असतात: लांबट, मधे बारीक, एका कडेला फुगवटा. या गाभ्यामुळे चेंडूला एक सोपा आस आणि एक अवघड आस मिळतो. वस्तुमान आसापासून सरासरी किती लांब पसरलंय याच्या मापाला ‘आर.जी.’ म्हणतात. सोप्या आसाभोवती ते कमी, अवघड आसाभोवती जास्त. अमेरिकेतली युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेस, म्हणजे यूएसबीसी, आर.जी. २.४६ ते २.८० इंचांत ठेवायला लावते आणि दोन आसांतला फरक ०.०६०च्या वर जाऊ देत नाही. आकडा बारीक दिसतो खरा, पण सगळं राजकारण त्या शून्य-शून्य-सहातच चालतं.

सोप्या आसाचं टोक कवचावर एका रंगीत ठिपक्याने दाखवलेलं असतं. साच्यात गाभा लटकवून धरणारी सळी जिथे होती, तिथली ही खूण. दुकानात या ठिपक्यालाही ‘पिन’ म्हणतात. पाडायच्या पिना वेगळ्या, हा वेगळा. घोळ नको म्हणून मी त्याला ठिपकाच म्हणणार आहे. गाभा एका बाजूला फुगवट्याचा असेल, तर अवघड आसाची खूणही कवचावर असते.

इथपर्यंतची माहिती चेंडूच्या खोक्यावर छापलेली मिळते, आणि नवखे इथेच फसतात. कंपनीच्या पत्रकातल्या आराखड्याचं चित्र कारागिरापुढे धरून ‘असंच पाडा’ म्हणायचं, हे ज्योतिषाला शेजाऱ्याची कुंडली दाखवण्यातलं. चेंडूचा आस त्याच्या पोटात असतो हे खरं. पण फेकल्यावर तो कोणत्या आसाभोवती फिरायला लागणार, हे हात ठरवतो. मनगट किती वळतं, अंगठा बोटांच्या किती आधी सुटतो, यावर ते अवलंबून असतं आणि दर माणसागणिक वेगळं असतं.

हा आस चेंडूच्या पृष्ठभागाला जिथे छेदतो त्या बिंदूला दुकानात ‘पॅप’ म्हणतात. आपण आसबिंदू म्हणू. तो शोधण्याची रीत साधी आहे आणि बघायला मजा येते. आधीचा कुठलाही भोकं पाडलेला, हाताला बसणारा चेंडू घ्यायचा. उजव्या हाताच्या खेळाडूचा आसबिंदू पकडीच्या मध्यापासून उजवीकडे साधारण चार ते सहा इंचांवर असतो, म्हणून तिथे अंदाजाने पांढऱ्या चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावायचा. खेळाडूने नेहमीसारखा चेंडू सोडायचा आणि कारागिराने त्याच्या मागे, थोडं बाजूला उभं राहून फक्त तो तुकडा बघायचा. हातातून सुटताच तुकडा गोल गोल घिरट्या घालू लागला, तर जागा चुकली. तो सरकवायचा आणि पुन्हा फेकायला सांगायचं. तो जागच्या जागी फिरताना दिसला की आसबिंदू सापडला. दुसरी रीत तेलाची. परत आलेल्या चेंडूवर तेलाची वलयं उमटलेली असतात. त्यातलं अगदी पहिलं वलय ओळखून त्यावर खडूने रेघ मारायची आणि त्या वर्तुळापासून सगळीकडून सारख्या अंतरावर असलेला बिंदू काढायचा. मग पकडीच्या मध्यापासून मोजून लिहायचं, उदाहरणार्थ ‘५ इंच उजवीकडे, अर्धा इंच वर’. ही नोंद खेळाडूने जपून ठेवायची. चेंडू बदलतात, हात सहसा बदलत नाही.

आता वलयांकडे पुन्हा नीट बघा. ती एकावर एक नसतात. दोन ठिकाणी एकमेकांना छेदून पुढे पंख्यासारखी पसरत जातात. याचं कारण भोवऱ्याच्या थरथरीसारखंच आहे. सोप्या किंवा अवघड आसावर फिरणारी वस्तू शांत असते. त्यांच्या मधल्या एखाद्या आसावर फिरवली की तो आस वस्तूच्या अंगावर हळूहळू सरकत जातो. बोलिंगमध्ये या सरकण्याला ‘फ्लेअर’ म्हणतात. चेंडूचा परीघ २७ इंच, म्हणजे दर फेरीला तो सव्वादोन फूट पुढे जाऊ शकतो. फ्लेअर नसेल तर तेल लागलेली तीच ती पट्टी दर फेरीला लेनला टेकते आणि घर्षण मिळत नाही. फ्लेअर असेल तर प्रत्येक फेरीला ताजी, कोरडी पट्टी खाली येते.

मग फ्लेअर किती हवा, हे ठरवायचं कसं? ठिपका आणि आसबिंदू यांच्यातल्या अंतराने. २७ इंच परिघाचा चौथा हिस्सा म्हणजे पावणेसात इंच. ठिपका आसबिंदूवरच ठेवला, अंतर शून्य, तर चेंडू सोप्या आसावर फिरतो आणि फ्लेअर नाही. अंतर पावणेसात इंच ठेवलं, म्हणजे नव्वद अंश, तरी गाभा आडवा पण शांत, आणि फ्लेअर पुन्हा नाही. बरोबर मध्ये, सव्वातीन इंचांहून थोडं पुढे, पंचेचाळीस अंशांना तो सर्वांत जास्त. त्रिकोणमितीतला दुप्पट कोनाचा साइन शाळेत रडत शिकलेल्यांनी इथे त्याला ओळखावं.

पण सर्वांत जास्त फ्लेअर म्हणजे सर्वांत चांगला चेंडू, असं मुळीच नाही. वेगाच्या मानाने भरपूर फिरकी देणाऱ्या खेळाडूच्या हातात असा चेंडू लेनच्या मध्यातच वळून जातो आणि पिनांपर्यंत पोचेस्तोवर दम गमावतो. त्याला अंतर पाच इंचांच्या पुढे हवं. उलट वेग जास्त आणि फिरकी कमी असणाऱ्याला साडेतीन-चार इंच बरं. पहिलाच रिॲक्टिव्ह चेंडू घेणाऱ्याला मी तरी साडेचार इंच सांगेन, गाभा सारख्या आकाराचा, फुगवटा नसलेला. त्या अंतरावर फेक जरा चुकली तरी निभावते.

अंतर ठरलं तरी ठिपका आसबिंदूभोवतीच्या वर्तुळावर कुठेही बसू शकतो, म्हणून दोन कोन लागतात. ‘ड्युअल अँगल’ नावाची ही पद्धत मो पिनेल यांनी रुजवली. अमेरिकेतले हे गाभ्यांचे भन्नाट रचनाकार २०२१ मध्ये कोविडने गेले. पहिला कोन ठिपका, आसबिंदू आणि अवघड आसाची खूण यांच्यातला. तो लहान ठेवला की चेंडू लवकर जागा होतो, मोठा ठेवला की उशिरा. दुसरा कोन ठिपका आणि आसबिंदूतून जाणाऱ्या उभ्या रेषेतला. तो लहान असेल तर वळण तडक, मोठा असेल तर गोलाईने.

समजा, आपल्या हिंजवडीकराचा आसबिंदू वर दिला तसा ५ इंच उजवीकडे आणि अर्धा इंच वर आहे. साडेचार इंच अंतर आणि दुसरा कोन ४५ अंश घेतला, तर ठिपका त्याच्या अनामिकेच्या भोकाच्या वर, थोडा उजवीकडे येतो. हा ‘पिन अप’ आराखडा. चेंडू तेलावरून शांत जातो आणि शेवटी ठामपणे वळतो. तोच कोन ८० अंश केला की ठिपका बोटांच्या भोकांच्या खाली घसरतो. हा ‘पिन डाउन’. वळण आधी सुरू होतं आणि सबंध वाटेवर पसरतं. मॉलच्या लेनवर मध्ये तेल दाट आणि कडेला पातळ असतं. तिथे दोन्ही चालतात, पण मला पिन अप अधिक भावतो.

कारागीर आता चेंडूवर मेणखडूने रेषा ओढतो: ठिपक्यापासून आसबिंदू, आसबिंदूपासून उभी रेषा, तिथून मागे मोजत पकडीचा मध्य. गोल पृष्ठभागावर वाकणारी पारदर्शक मोजपट्टी चेंडूला घट्ट धरलेली असते. चेंडू चकात आवळला जातो आणि ड्रिल उतरू लागलं की रंगीत भुश्शाच्या लांब वळ्या निघतात. काही रिॲक्टिव्ह चेंडूंना गोडसर, फळासारखा वास असतो. कंपन्या तो मुद्दाम घालतात. अंगठ्याचं भोक सगळ्यांत मोठं, आणि तेच गाभ्याचा सर्वांत मोठा लचका तोडतं. त्यामुळे भोकं पाडून झाल्यावर चेंडूचे आस मूळ जागेवरून थोडे हलतात, आणि जाणकार कारागीर तो हिशोब आधीच करून ठेवतो.

आराखडा कितीही शास्त्रशुद्ध असला, तरी भोकं बोटांना बसली नाहीत तर सगळं मुसळ केरात. बोटांच्या आणि अंगठ्याच्या भोकांतलं अंतर म्हणजे स्पॅन, आणि प्रत्येक भोकाचा कल म्हणजे पिच. स्पॅन लांब झाला तर अंगठ्याच्या बुडाशी ताण येतो. आखूड झाला तर माणूस चेंडू आवळून धरतो, आणि आवळला की अंगठा वेळेवर सुटत नाही. फिंगरटिप पकडीत मधलं बोट आणि अनामिका फक्त पहिल्या पेरापर्यंत जातात आणि भोकात रबरी ग्रिप बसवतात. अंगठा दिवसभरात सुजतो, थंडीत आकसतो. म्हणून भोकात आतून पट्टीचे तुकडे लावायचे आणि काढायचे, हे खेळाडूच्या पिशवीतलं रोजचं काम. कोपऱ्यात मनगटाला क्रेप बँडेज गुंडाळून बसलेला खेळाडू दिसला, की मला आधी त्याच्या स्पॅनची शंका येते.

आणखी एक गोष्ट दुकानदार सहसा आपण होऊन सांगत नाहीत. २०००च्या दशकाच्या उत्तरार्धात यूएसबीसीने चेंडूच्या हालचालीचा मोठा अभ्यास केला. त्यात सर्वांत वजनदार ठरला तो पृष्ठभागाचा खडबडीतपणा. गाभा आणि आराखडा त्यानंतर. म्हणजे नव्या चेंडूचा आराखडा मनासारखा जमला नाही म्हणून लगेच भोकं बुजवून पुन्हा पाडायला निघण्याआधी त्याच्यावर घासायची पट्टी फिरवून बघावी. हजार ग्रिटने घासला की तो तेलातही धरतो, चार हजारने किंवा पॉलिशने लांबवर घसरतो. पाच मिनिटांचं काम, आणि परत उलटवता येतं. मात्र स्पर्धेचा खेळ सुरू झाल्यावर पृष्ठभागाला हात लावता येत नाही. जे करायचं ते आधी.

नियमांनीही आराखड्याचं काही ओझं हलकं केलं आहे. पूर्वी वजनाचा तोल साधायला किंवा फ्लेअर वाढवायला चौथं, न धरायचं भोक पाडायचे. १ ऑगस्ट २०२० पासून यूएसबीसीने ते बंद केलं. चेंडूवर असलेलं प्रत्येक भोक पकडीसाठी वापरलंच पाहिजे. बदल्यात बाजूंच्या वजनातला फरक तीन औंसांपर्यंत चालवून घेतात. पंधरा पाउंडांचा चेंडू म्हणजे २४० औंस; त्यात तीन औंस म्हणजे सव्वा टक्का. पूर्वी यावरून दुकानात तासन् तास खल चालायचे.

या नियमाचा सगळ्यात मजेशीर परिणाम दोन हातांनी खेळणाऱ्यांवर झाला. ऑस्ट्रेलियाचा जेसन बेलमॉन्टी दोन्ही हातांनी, अंगठा भोकात न घालता चेंडू फिरवतो. व्यावसायिक स्पर्धांत १५ मेजर विजेतेपदं त्याच्या नावावर आहेत, आजवर कुणाहीपेक्षा जास्त. त्याच्यामुळे जगभर पोरं दोन हातांनी खेळू लागली. अंगठा वापरायचा नाही म्हणजे अंगठ्याचं भोकच नको. त्यांच्या चेंडूला फक्त दोन भोकं, आणि सर्वांत मोठा लचका वाचल्यामुळे गाभा जवळजवळ अखंड. पण पकडीचा मध्य मोजायचा नेहमीचा आधारच नाहीसा झाला. बोटांच्या भोकांपासून मागे, हाताचा तळवा जिथे टेकतो तिथे कारागीर आता अंगठ्याचा एक कल्पित बिंदू मांडतो, त्यावरून पकडीचा मध्य काढून आसबिंदू मोजतो आणि मग ड्रिल हातात घेतो.